सहा अवघड हात

एक

पाचव्या रुग्णाच्या रक्तातही तोच जंतू सापडला, तेव्हा लॅबवाल्यांनी रिपोर्ट शिपायाच्या हाती दिला नाही. स्वतः दोन जिने चढून ते अधीक्षकांच्या खोलीत गेले, कागद टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "पाहुणा पुन्हा आला."

त्या जंतूचं खरं नाव एका दमात म्हणता येण्याजोगं नव्हतं, म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला पाहुणा म्हणत. अकरा वर्षांत तो कुणाच्याही रक्तात दिसला नव्हता. आणि आता सहा आठवड्यांत पाच वेळा, तोही एकाच वॉर्डात. जुन्या इमारतीच्या टोकाला तीस खाटांचा वॉर्ड होता, त्यात. पाचही जण वेगवेगळ्या कारणांनी दाखल झाले होते. प्रत्येकाला सलाईन लागलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दातावर दात आपटतील अशी थंडी वाजून ताप चढला. दोघं गेले. एकाची आधीच दुबळी असलेली किडनी कायमची बसली आणि तो डायलिसिसच्या यंत्राला बांधला गेला. दोघं बरे होण्याच्या वाटेवर होते.

पाचही केसपेपरांवर एकाच नर्सची सही होती.

अधीक्षकांनी त्या दुपारी मोठ्या बाईंना फोन केला. मोठ्या बाई म्हणजे याच हॉस्पिटलच्या जुन्या मेट्रन. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती, वय चौऱ्याहत्तर. अधीक्षक नुकते डॉक्टर झाले होते तेव्हा बाईंच्या वॉर्डात पहिली जखम बघून सरळ जमिनीवर आडवे झाले होते, आणि बाईंनीच त्यांच्या तोंडावर पाणी मारलं होतं. त्यामुळे सगळं हॉस्पिटल त्यांना साहेब म्हणत असलं तरी बाई समोर आल्या की साहेब आपोआप उठून उभे राहत.

आताही राहिले. मग त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर मुद्द्यावर आले. ती नर्स म्हणजे सुईताई, तुमच्या हाताखाली तयार झालेली. तिला तुम्ही समजवा. गेलेल्या एका रुग्णाच्या मुलाने लेखी तक्रार दिली आहे. सोमवारी समिती बसेल आणि ठपका आला तर तिचा नर्सिंगचा परवानाच जाईल. त्याआधी तिने राजीनामा दिला तर प्रकरण निदान तिथे थांबेल.

"म्हणजे मी तिचा निरोप समारंभ करायला आलेय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"आज गुरुवार. सोमवार सकाळपर्यंत तिच्याकडे कागद पाठवू नकोस. आणि मला वॉर्डात कुठेही जायची परवानगी दे."

"बाई, सगळं तपासून झालंय. चौदा ठिकाणं तपासली. कुठेच काही नाही. फक्त ती उरते."

"अरे डॉक्टर," बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "चौदा ठिकाणी नाही, याचा अर्थ पंधरावं आहे."

दोन

वॉर्ड फारसा बदलला नव्हता. खाटा नव्या होत्या, पडदे नवे होते, पण खिडक्यांच्या कड्या त्याच होत्या आणि सातव्या खाटेजवळची फरशी अजून पायाखाली डुगडुगत होती. बाईंचा पाय तिथे सवयीने जरा उचलून पडला. याच फरशीवर त्या एकदा इंजेक्शनच्या ट्रेसकट घसरल्या होत्या आणि एकही बाटली फुटू दिली नव्हती. त्याचं कौतुक पुढे दहा वर्षं चाललं होतं.

वॉर्डाच्या मागच्या उपचाराच्या खोलीत ओट्यावर तोटीचं स्टीलचं पिंप होतं. त्याच्यावर भिंतीला पत्र्याची पाटी होती, पांढऱ्यावर लाल अक्षरं: "उकळून गार केलेले पाणी. पिंप कधीही रिकामे ठेवू नये. रोज भर घालावी." अक्षरं बाईंची स्वतःची होती. सव्वीस वर्षांपूर्वी मोठा नळ फुटून तीन आठवडे हॉस्पिटलला धड पाणी नव्हतं, तेव्हा या एका पिंपाने वॉर्ड तारला होता. पाणी परत आलं त्याच संध्याकाळी बाईंनी ब्रश घेऊन पाटी रंगवली. इतर वॉर्डांत पुढे पाणी शुद्ध करायची यंत्रं आली आणि पिंपं भंगारात गेली. इथलं राहिलं. आपलं काहीतरी अजून कामात आहे, हे पाहून बाईंना बरं वाटलं.

शेजारीच एक फोटो टांगला होता, दोनच महिन्यांपूर्वीचा. वॉर्डातली जुनी मावशी निवृत्त झाली त्या दिवशीचा. मावशी हार घालून, अवघडून, पिंपाशेजारी उभी होती आणि पिंप असं लखलखत होतं की फोटो काढणाऱ्याचं डोकं त्यात दिसत होतं. बाई मनाशी हसल्या. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण तिच्या हाताखालून गेलेल्या भांड्यात भांग पाडता यायचा.

लॅबवाल्यांनी त्यांच्यापुढे यादी ठेवली. नळ, गच्चीवरची टाकी, सलाईनच्या बाटल्या, सुया, स्पिरीट, कापूस, चिकटपट्ट्या, टॉवेल, ट्रे, दाराच्या मुठी, पडदे, खाटा, गाद्या. सुईताईचे हात तीनदा. सगळं स्वच्छ.

"हा असतो कुठे, तुमचा पाहुणा?" बाईंनी विचारलं.

लॅबवाले कोरडे गृहस्थ होते. ते म्हणाले की तो ओलाव्यात राहतो. पाण्यात, ओल्या मातीत. धडधाकट माणसाला काही करत नाही. तुमच्या-माझ्या अंगावरून रोज जात असेल. पण माणूस म्हातारा असेल, मधुमेही असेल, किडनी थकलेली असेल, खूप दिवस अंथरुणात असेल आणि वर सुईने त्याच्या शिरेचं दार उघडं ठेवलेलं असेल, तर तो आत जातो. नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. योग्य औषध सापडेपर्यंत चार दिवस जातात आणि काहींजवळ तेवढे दिवस नसतात.

"म्हणजे दार सुईचं. आणि तो आला ओलाव्यातून."

"सुई कोरडी असते, बाई. तीच तर अडचण आहे."

बाहेर बाकावर तक्रार करणारा मुलगा बसला होता. मुलगा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, धंद्याने घड्याळदुरुस्तीवाला. त्याने आवाज चढवला नाही. पाच केसपेपरांच्या नकला त्याने तारखेनुसार लावल्या होत्या आणि प्रत्येकावरच्या सहीखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती. त्याने सांगितलं की घड्याळ पाच वेळा एकाच ठिकाणी अडकलं, तर दोष त्याच चाकात असतो. वडील पाय घसरून पडले म्हणून आणले होते. घरी चालत जायचे होते.

बाईंनी नकला मागितल्या. त्याने क्षणभर विचार करून दिल्या.

"तुम्ही तिच्या बाजूने आहात ना?" त्याने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणूनच नीट बघणार आहे. ती चुकली असेल तर मला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही."

तीन

सुईताईला नऊ दिवस घरी बसवलं होतं. तिने दार उघडलं तेव्हा दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले होते, बाहेर थंडी असल्यासारखे. बसल्यावरही ते तिने बाहेर काढले नाहीत. चहा नवऱ्याने केला.

वयाने ती पंचेचाळिशीची. जिथे डॉक्टर चार वेळा टोचून घाम पुसत, तिथे ती बोटाने जरा चाचपायची आणि सुई आत. त्यावरून हे नाव पडलं होतं. बाईंची स्वतःची शीरही तिच्याखेरीज कुणाला सापडत नसे. यंदाची रक्ततपासणी बाईंनी आठवडाभर पुढे ढकलली होती, त्याचं खरं कारण तेच.

"बाई, माझ्या हातांतच काही असेल का?" तिने विचारलं. "लॅबवाले नाही म्हणतात. पण मी परवा नातवाला न्हाऊ घालायला घेतलं आणि परत सुनेकडे दिलं. हात लावायचा धीर होईना."

बाईंनी धीर वगैरे दिला नाही. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "सहा आठवड्यांत तू किती जणांना सुई लावलीस?"

"शंभराच्या वर."

"आणि आजारी पाच. मग मला आजारी पडले त्यांची माहिती नको. जे पडले नाहीत त्यांची दे. यातले अवघड हात किती होते?"

सुईताईला चेहरे लक्षात राहत नसत, हात राहत. तिने डोळे मिटले आणि सांगू लागली. थंडीच्या दिवसांत शिरा आकसतात, म्हणून अशा माणसांच्या हाताला आधी कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळायचा, पाच मिनिटं शेक द्यायचा, शीर वर आली की स्पिरीटने पुसून सुई, आणि हात पुन्हा गार पडू नये म्हणून पट्टीवरून टॉवेल आणखी थोडा वेळ. हे तर बाईंनीच शिकवलेलं. असे अवघड हात सहा होते. एक दोऱ्यासारख्या शिरांचा, एक सुजलेला, एक नुसता हाडांचा, एक घड्याळवाल्याच्या वडिलांचा, त्यांची शीर बोटाखालून सरकायची. पाचवा थर्मासवाल्या आजोबांचा. सहावा आपल्याच लॉन्ड्रीतल्या काकूंचा.

"पहिले चार आजारी पडले," बाई म्हणाल्या. "आजोबा आणि काकू नाही पडल्या. आणि पाचवी आजारी ती मधुमेहाची शिवणवाली. तिचा हात?"

"तिचा हात अवघड नव्हताच, बाई. शिरा अशा टरटरीत." सुईताईने डोळे उघडले. "तिला सुई मी लावलीच नाही. ती खालून, अपघात विभागातून, लावूनच आली होती."

बाईंनी नकला उलगडल्या. शिवणवालीच्या केसपेपरवर सुईताईची सही होती. खाली पेन्सिलीची रेघही होती. पण ती सही सुईच्या रकान्यात नव्हती. तिथे दुसरीच आद्याक्षरं होती. घड्याळवाल्याने सह्या मोजल्या होत्या, रकाने पाहिले नव्हते.

सुईताईची सही त्याच्या दोन ओळी खाली होती. समोर लिहिलं होतं: हात दुखतो, शेक दिला.

चार

परतताना बाईंना वाटलं, झालं, सापडलं. पण जिना चढेपर्यंत ते सुटलं. शेक तर आजोबांनाही दिला होता आणि काकूंनाही. त्याच नर्सने, त्याच टॉवेलांनी. टॉवेल वाफेत उकडून येत आणि लॅबवाल्यांनी तपासून ठेवले होते. शेकाने आजार होत असेल, तर हे दोघं कसे सुटले?

आजोबा अजून वॉर्डातच होते. खाटेवर ताठ बसलेले, उशाशी हिरवा थर्मास. त्यांना मधुमेह होता, वय एक्क्याऐंशी, महिनाभर अंथरुणाला खिळलेले. लॅबवाल्यांच्या हिशोबाने पाहुण्याने पहिलं दार यांचंच ठोठावायला हवं होतं. बाईंनी तब्येतीची चौकशी केली तशी त्यांनी अर्धा तास जेवणाला, पंख्याच्या आवाजाला आणि शेजारच्या खाटेवरच्या घोरणाऱ्याला नावं ठेवली. सुईताईबद्दल मात्र वाकडा शब्द नाही. पोरीचा हात हलका आहे, म्हणाले. शेक देऊन लावते.

"शेक सोसला का?"

"न सोसायला काय झालं? पाणी माझंच होतं." त्यांनी थर्मासवर थाप मारली. सून रोज सकाळी घरून कोमट पाणी भरून देते. प्यायला तेच, चूळ भरायला तेच, शेकायला तेच. "हॉस्पिटलच्या पाण्यावर माझा विश्वास नाही. चाळीस वर्षं पाणीखात्यात काढलीत मी."

लॉन्ड्री तळघरात होती. काकू कढत चादरी यंत्रातून ओढून काढत होत्या. आजारी रजा संपवून कालच कामावर आल्या होत्या. तीस वर्षं हेच काम केल्याने त्यांचे तळवे जाड झालेले. बाईंना पाहून त्यांनी आधी जुन्या मेट्रनच्या काळातली इस्त्री कशी कडक असायची ते ऐकवलं. मग शेकाचं विचारलं तेव्हा त्या खो खो हसल्या.

"तो काय शेक म्हणायचा? सिस्टर टॉवेल गुंडाळायला लागल्या, मला गारच लागला. म्हटलं, किटलीतलं सरळ ओता हो, गार पाण्याचं विसण घालू नका. त्या घाबरल्या, भाजेल म्हणाल्या. म्हटलं, या हाताला आता काय भाजायचं राहिलंय?"

बाई वर येऊन रिकाम्या बाकावर बसल्या. एक म्हातारा, ज्याने घरचं पाणी वापरलं. एक काकू, जिने कढत पाणी वापरलं. एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन माणसं. पण दोघांनीही काहीतरी एक घेतलं नव्हतं.

ते काय, हे कळलं तेव्हा बाई ताबडतोब उठल्या नाहीत. 

पाच

शुक्रवारी सकाळी त्या उपचाराच्या खोलीत गेल्या आणि नव्या मावशीला म्हणाल्या, शेकाचं पाणी नेहमी करतेस तसं कर, जराही बदल नको.

नवी मावशी पस्तिशीची, दहावी पास, नीटनेटकी. तिने किटलीतलं कढत पाणी पातेल्यात ओतलं. हात घालवेना इतकं ते तापलेलं होतं. मग पिंपाची तोटी सोडून त्यात विसण घेतलं. कोपराने अंदाज घेतला. टॉवेल बुडवून पिळला.

"विसण नळाचं का नाही घेत?"

"नळाचं कच्चं पाणी, बाई. हे उकळलेलं." तिने पाटीकडे बोट केलं. तिच्या चेहऱ्यावर, चाचणीत पास होत असल्याचं समाधान होतं.

"आणि पिंपात पाणी कधी भरतेस?"

रोज, ती म्हणाली. आदल्या दिवशी उकळून ठेवलेलं गार पाणी सकाळी वरून ओतायचं. पिंप आजवर एकदाही रिकामं होऊ दिलेलं नाही. पाटीवर आहे तसंच.

लॅबवाल्यांच्या यादीत नळ होता, टाकी होती. पिंप नव्हतं. बाईंना ते आधीच दिसायला हवं होतं, पण त्यांच्याही डोळ्यांवरून ते कालपासून तीन वेळा निसटलं होतं. उकळलेल्या पाण्याकडे कोण संशयाने बघतं? त्यातून स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पाटीखालच्या?

पिंप बाहेरून पुसलेलं होतं, पण फोटोतली चकाकी नव्हती. बाईंनी झाकण काढलं, बाही वर सारली आणि पाण्यात हात घालून आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

बोटाला बुळबुळीत लागलं.

सहा

लॅबवाल्यांनी तोटीच्या आतलं आणि तळाचं असे दोन नमुने घेतले, आणि पिंपाचं पाणी वापरणं बंद करायला लावलं. जंतू वाढायला दोन-तीन दिवस लागतील, म्हणाले. सोमवार सकाळच्या आधी सांगता येणार नाही.

पण बाईंना एक गोष्ट खटकत होती. पिंप सव्वीस वर्षांचं. हिवाळे सव्वीस. शेक शेकड्यांनी. मग पाहुणा आत्ताच का?

शनिवारी त्या जुन्या मावशीच्या घरी गेल्या. मावशी पायरीवर बसून भांडी घासत होती. सून आतून म्हणत होती की आई, निवृत्त झालात ना, आता तरी बसा. बाईंना पाहून मावशी उठायला लागली. बाईंनी तिला खांदा धरून बसवलं आणि स्वतःही पायरीवर टेकल्या. दोघींनी आधी गुडघ्यांबद्दल बोलून घेतलं. मग नळ फुटल्याचे ते तीन आठवडे आठवले. बादल्यांची रांग, बाईंनी साहेबांनाही बादली उचलायला लावलेली, आणि साहेबांच्या हाताला आलेले फोड.

"मावशी, पिंपाचं तू काय करायचीस?"

"काय म्हणजे? तुम्ही सांगितलं तेच. शनिवारी पहाटे पिंप उपडं. एक थेंब ठेवायचा नाही. आतून काथ्याने घासायचं, तोटी खोलून घासायची, वर कढत पाणी फिरवायचं, उन्हात पालथं घालायचं, वाळलं की मगच भरायचं. सकाळच्या सिस्टर यायच्या आत. एक शनिवार चुकवला नाही. नवरा गेला त्या आठवड्यातला सोडला तर. तेव्हा रविवारी येऊन केलं."

बाईंना आठवलं. पाटी रंगवली त्याच आठवड्यात त्यांनी मावशीला जवळ घेऊन हे सांगितलं होतं, पहिले दोन शनिवार स्वतः बरोबर उभ्या राहिल्या होत्या. पाटी वाचणाऱ्यांसाठी होती. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला तोंडी. आणि ते कुठेही लिहिलं नव्हतं, कारण मावशी करतच होती.

"जाताना नव्या मावशीला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. ती म्हणाली, पाटीवर तर रिकामं ठेवू नये असं आहे. मी म्हटलं, बाई असं लिहायच्या नाहीत. ती हसली." मावशीने हातातलं भांडं उलटं केलं. "मला काय ठाऊक पाटीवर काय आहे ते. मी आपली रोज बघायची तिच्याकडे. मला वाटायचं, तुम्ही मला सांगितलं तेच सगळं तिथे लिहिलंय."

 बाईंनी मावशीच्या हातून राख घेतली आणि एक पातेलं घासायला घेतलं.

सात

सोमवारी समिती बसली. साहेब, दोन डॉक्टर, हात काखेत दाबलेली सुईताई आणि तक्रारदार म्हणून घड्याळवाला. बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. पाच सह्या कुठल्या रकान्यात आहेत, सहा अवघड हात, त्यांतले दोन का सुटले, शिवणवालीचा हात अवघड नसूनही का सापडला, विसण कुठून आलं. माणूस दुबळा, शिरेचं दार उघडं आणि त्या दारावर पिंपातल्या पाण्याचा ओला टॉवेल. तिन्ही एकत्र आलं, तिथे ताप आला. एक जरी सुटलं, तिथे नाही.

"हा तर्क झाला," एक डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात लॅबवाले आले. त्यांच्या हातात काचेच्या दोन चपट्या तबकड्या होत्या, त्यांवर फिकट पिवळे ठिपके. त्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "पाहुणा घरचाच निघाला. तोटीतला आणि पाच रक्तांतला एकच."

 सुईताई खाली बघत होती.

मग साहेबांनी घसा साफ केला. म्हणाले, हरकत नाही, कारण मिळालं, पिंप आजच काढू. अहवालात लिहू की नव्या कर्मचारी बाईने पिंपाची सफाई केली नाही. पाटी कुणी लिहिली वगैरे तपशील नको. फार जुनी गोष्ट आहे.

"तिने वाचलं तसं केलं," बाई म्हणाल्या. "वाचता येतं, हा तिचा गुन्हा का? लिही: पाटी जुन्या मेट्रनने लिहिली. अर्धी लिहिली. उरलेली अर्धी एका माणसाच्या हातात ठेवली, आणि ते माणूस निवृत्त झालं."

"बाई, तुमच्या नावावर हे कशाला..."

"आणि तुम्ही चौदा ठिकाणं तपासलीत. पंधरावं का नाही? कारण पाटीवर उकळलेलं असं लिहिलंय. तेही माझ्याच अक्षरात. लिही."

साहेबांनी लिहिलं.

घड्याळवाला इतका वेळ नकला गुडघ्यांवर घेऊन बसला होता. त्याने शिवणवालीचा कागद वर काढला, रकाना पुन्हा पाहिला, खिशातून खोडरबर काढलं आणि पेन्सिलीची रेघ पुसली. मग बाकीच्या चारही पुसल्या. त्याला बराच वेळ लागला, कारण तो कागद चुरगळू देत नव्हता.

"वडिलांना तो शेक बरा वाटला होता," तो शेवटी म्हणाला. "मला म्हणाले होते, पोरगी हात कसा ऊबदार करून देते बघ." त्याने बाईंकडे पाहिलं. "तुम्हाला मी काय म्हणावं, ते मला अजून कळत नाही."

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "मी कुठे जात नाही."

तो दाराशी गेला आणि थांबला. "पिंप काढा. पण पाटी काढू नका. पुरी करा, आणि राहू द्या."

आठ

पाटी पुरी करायचं काम दुपारभर चाललं. बाईंचा हात आता स्थिर राहत नव्हता, म्हणून ब्रश नव्या मावशीने धरला. जुनी मावशी मुद्दाम आली होती. ती एकेक गोष्ट तोंडी सांगे, आणि नवी मावशी लिहीत जाई. उपडं करणं, काथ्या, तोटी, कढत पाणी, ऊन. पत्र्यावर जागा पुरेना तेव्हा खाली दुसरा पत्रा जोडला. शेवटी मावशीने विचारलं, आता तेच लिहिलंय ना, मी करायची ते? नव्या मावशीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मावशीने मान हलवली. म्हणाली, शनिवार राहिला. मग वर, अगदी कडेला, शनिवार घातला.

पिंप तळघरात गेलं. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून तीनदा येत राहिला. बाई आल्या की त्याच्या यंत्राशेजारी थोडा वेळ बसत. त्याला त्यांनी कारण सांगितलं होतं. तो काही दिवस बोलला नाही. मग बोलू लागला.

सुईताई मंगळवारी कामावर आली. वॉर्डात सगळे तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होते, ते तिला सोसत नव्हतं. सकाळभर तिने केसपेपर लावले, औषधं मोजली, पडदे ओढले. सुई लावायची वेळ आली की ती दुसऱ्या सिस्टरला पुढे करी. हात पुन्हा काखेत.

अकरा वाजता मोठ्या बाई उपचाराच्या खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या आणि डावा हात टेबलावर पसरला. राहून गेलेला रक्ततपासणीचा कागद त्यांनी शेजारी ठेवला.

"बाई, दुसरीला बोलावते," सुईताई म्हणाली. "माझा हात थरथरतोय."

"माझा पण. त्यात काय?"

"तुमची शीर आधीच सापडत नाही..."

"म्हणूनच तुझ्याकडे आलेय. सहा अवघड हात झाले ना, हा सातवा समज. शेक नको. कोरडाच शोध."

सुईताई उभी राहिली. मग तिने हात बाहेर काढले, साबणाने धुतले, पुसले, आणि पुन्हा एकदा धुतले. बाईंच्या दंडाला पट्टा बांधून तिने कोपराच्या आत बोट ठेवलं. चौऱ्याहत्तर वर्षांची सैल, कागदासारखी कातडी. ती डोळे मिटून चाचपत राहिली. एकदा बोट उचललं, पुन्हा ठेवलं. बाई खिडकीच्या जुन्या कडीकडे बघत होत्या.

"सापडली?" त्यांनी विचारलं.

"बोलू नका," सुईताई म्हणाली, आणि सुई आत गेली.